वरणाची बादली

(अंजनगाव सुर्जीचं एक मंगल कार्यालय. लग्न लागलंय. मंचावर नवरदेव-नवरी, समोर जेवणाची पंगत.)

करिश्मा : अवो, फोटोवाला हसा म्हणून राहिला. तुमी कुठी पाहून राहिले?

कुंदन : पंगतीत. तो वाढपी पाह्य! भाताले आळं करू देत नाही अन् वरण ओतून देते. तुह्या आजीचं सारं वरण वाहून चाललं.

करिश्मा : वाहू द्या. आज तुमी राजे हा.

कुंदन : कायचा राजा! कॉलर टोचून राहिली, हसून हसून गाल दुखले. आमच्या गल्लीत, सोयऱ्याधायऱ्यायत असं एक लग्न नाही झालं का वरणाची बादली माह्या हातात नव्हती. अन् सोताच्या लग्नात नुसता बसून पाहू?

करिश्मा : मंग जा ना.

कुंदन : बाबाले शब्द देला, जागचा हालणार नाही म्हून.

उत्तमराव : कुंदन! मान सरळ. पंगतीकडं काहून पाहून राहिला?

कुंदन : बाबा, लोकं उपाशी उठतीन.

उत्तमराव : आपले सोयरे वकील, मास्तर घेऊन आले अमरावतीवरून. आपुन भाजीवाले हाओत, हे आज तरी दिसू नोको देऊ. लोकायचे पोरं कसे बसते, तसा बस.

करिश्मा : मामाजी, एक सांगू?

उत्तमराव : बोल, बेटा.

करिश्मा : तुमी मले पाहाले आले, त्याच्या आदीच मी यायले पायलं होतं. अकोटले, मैत्रिणीच्या लग्नात. माही आजी लय सावकाश जेवते. सारी पंगत उठली, वाढपी गेले. हे एकटे बादली घेऊन तिच्याजवळ बसून राहिले. तिचं जेवण होईपर्यंत.

कुंदन : ते आजी होती का? मले ध्यानात बी नाही.

करिश्मा : तेच तं! घरी येऊन मी आईले म्हटलं, पोरगा पाहाचा तं असा. मामाजी, मी बादलीवाल्याले हो म्हटलं. हा खुर्चीतला कोण हाय, मले नाही माईत.

उत्तमराव : ...फेटा काढून ठेव रे. वरणात पडन.

कुंदन : बाबा!

उत्तमराव : अन् जिलबीचं ताट इकडं दे, मी बी वाढतो. दाराशी हात जोडून जोडून माहे बी खांदे धरले.

करिश्मा : अन् फोटो?

उत्तमराव : त्याले म्हणा, पंगतीत ये.

कुंदन : (पंगतीत, बादली घेऊन) आजी, आदी भाताले आळं कर. घाई नाही. मी बसलो हाओ.