लालसू नाराज हाय

जंगलातल्या लोकांना लोकशाही शिकवायला हवी, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मग मी हा किस्सा ऐकवतोच.

देशातल्या पहिल्या निवडणुकीनंतरची गोष्ट. आलापल्लीच्या जंगलातल्या एका हायस्कुलात मी बातमीसाठी गेलो होतो. नागरिकशास्त्राच्या वामन गुरुजींनी वर्गाला काम दिलं होतं, बहुमताने वर्गप्रमुख निवडा. ते तपासायला नागपूरहून शिक्षण खात्याचे साहेब आले होते. त्यांच्या शेऱ्यावर गुरुजींची नोकरी कायम व्हायची होती.

मुलं मोहाच्या झाडाखाली गोल करून बसली. लालसू सोडून सगळे मंगरूच्या बाजूने होते, तरी कोणी उठेना.

"बहुमत झालं ना? संपवा!" साहेब ओरडले.

मंगरू म्हणाला, "लालसू नाराज हाय जी. त्याले समजावून राह्यलो."

"एकट्याला सोडा!"

"सोडाचं कसं? आमच्या गावात सगळे हो म्हणेतवर कोणी उठत नाई."

गुरुजींचा चेहरा उतरला. मी साहेबांशी भांडायला तोंड उघडणार, तोच त्यांनी लालसूला दरडावलं, "अरे, हो म्हण ना!"

"पयले खाली बसा जी. उभ्या माणसासंगं बोलनं होत नाई."

साहेब चडफडत मातीत टेकले. "बोल, मंगरू का नको?"

"लय दांडगा हाय. दुसऱ्याले बोलूच देत नाई."

"खरं का रे मंगरू?" साहेबांनी बाह्या सरसावल्या.

वाद रंगला. तेवढ्यात रस्त्यावरून कंडक्टरने हाक दिली, "चला साहेब, शेवटची गाडी हाय!"

मान न वळवता साहेब गरजले, "थांब रे! अजून एक माणूस नाराज आहे!"