चित्र बंद करून खेळलेला डाव

जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघालाच आहे, तर शेलूबाजारच्या रफिकचं सांगतो. शाळेत असताना कॅसेटच्या व्हिडिओ गेममध्ये त्याला आमच्यापैकी कोणीच हरवू शकलं नाही. पुढे साखरेच्या आजाराने त्याची नजर गेली. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मी ते गेम चालवणारा एम्युलेटर टाकल्याचं कळलं, तसा तो भावाच्या गाडीवर बसून घरी आला.

"एक डाव खेळू दे. हात विसरले का, तेवढं पाहाचं हाय मले."

मी गेम लावला. मशीन इतकं म्हातारं, की गाणं अडखळत होतं. रफिकचा खेळाडू पुन्हा पुन्हा पहिल्याच खड्ड्यात पडू लागला. त्याचा चेहरा उतरला.

"गाणं रडून राह्यलं बे. त्याच्या तालावरच उडी माराची असते. असं काहून होते?"

"चित्र काढता काढता मशीन दमून जाते."

"मंग चित्र बंद कर ना लेका! मले कायले पायजे थे?"

मला हे सुचलंच नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन मी चित्र गोठवलं, आणि गाणं लहानपणीसारखं खणखणीत सुरू झालं. रफिकने मान खाली घातली. त्याची बोटं धावू लागली.

"कुठं पोचला?" मी हळूच विचारलं.

"पुलावर. चूप बस."

मी डोळे फाडून पडद्याकडे बघत होतो. तिथे काहीच हलत नव्हतं. मग अचानक जिंकल्याची धून वाजली.

पडद्यावरचा खेळाडू अजून सुरुवातीलाच उभा होता.