कृष्णातचे पाय

हॅलो?… हॅलो, कोण?… आक्का! सलाम, सलाम. अगं मीच, एस्तेर. धाप लागलीय, दुसरं काय न्हाय. श्रीपालअण्णांच्या दुकानात फोन आणि मी वर माडीवर, पळत आले… पद्मावतीवहिनी, रंग न्हाय लागायचा फोनला, पदरानं धरलाय!… हां, बोल.

पोचलं का चित्र?… टेम्पोवाल्यानं आडवं तर न्हाय टाकलं?… बरं झालं. मग तुझा आवाज का असा?

कोण ओरडलं?… दाजी?… चर्चचे पंच होऊन देवळात ओरडले?

अगं सावकाश सांग… चित्रावरची चादर काढली, बरं… बायडाबाई हसली… का हसली?…

अगं आई गं.

न्हाय, न्हाय, ऐकतीय मी… सगळ्यांनी ओळखलं? लांबनं? इतकं हुबेहूब झालंय?… बरं बाई, कौतुक करून घ्यायची वेळ न्हाय, कळतंय मला.

व्हय. येशूचं तोंड दाजींचं हाय. आणि तो ज्याचे पाय धुतोय, तो तुझा दीर हाय. कृष्णातच. खोटं कशाला बोलू?

…अगं, आमचं काम असंच असतंय. समोर माणूस बसवल्याबिगर माझा हात चालत न्हाय. दाजींना मी उन्हाळ्यात परड्यात बसवलं न्हवतं का, कमरेला टॉवेल, पुढ्यात परात? तूच चहा आणून दिलास… आणि कृष्णात हलगी घेऊन मिरवणुकीला कोल्हापुरात आलता, तवा जेवायला माझ्याकडं होता. म्हटलं, बस जरा, पाय पुढं कर… न्हाय. दोघांनाबी सांगितलं न्हाय.

पाळकसाहेब काय म्हणाले?… सोनेरी केस? आणि निळे डोळे?… आक्का, तो आपल्या स्वैपाकघरातल्या कॅलेंडरातला गं. मांडीवर कोकरू घेतलेला. त्यानं जन्मात कधी घागर उचलली असंल, असं वाटायचं का तुला?

…मग तूच सांग, चित्र पवित्र कशानं होतंय? डोक्यामागं सोनेरी ताट काढलं की?… न्हाय, भांडत न्हाय मी. मलाच ठाऊक न्हाय म्हणून विचारतीय. आधी मला वाटायचं, पितळी परात काढली, ज्वारीची भाकरी काढली, अंगात बंडी घातली, की झाला आपला येशू. काढली की तसली चित्रं. प्रदर्शनात लोक वा वा म्हणाले, आणि सरकले पुढच्या चित्राकडं. त्यातल्या एकाबी चित्राम्होरं कुणाला डोळे मिटावंसं वाटलं न्हाय. मलासुदिक न्हाय.

…चित्र काढताना उपास? छे. उपास-बिपास काय केला न्हाय. चहा पीत काढलं. चहा पीत आणि रडत… व्हय, रडत. तू नको आता सुरू करू.

अगं ऐक ना. मागच्या प्रभुभोजनाला मी गावातच होते बघ. भाकरीचं तबक शेवटच्या बाकाकडं यायला लागलं, तसा कृष्णात उठला. चपला हातात घेतल्या, आवाज नको म्हणून, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला… दर खेपेला असंच?… तरी येतोय न्हवं तो? जत्रेत देवीच्या पालखीपुढं हलगी वाजवली, म्हणून पंचांनी त्याचं प्रभुभोजन बंद केलं. दोघं भाऊ बोलायचे थांबले. पण एक रविवार चुकवला न्हाय त्यानं.

…ठाऊक हाय गं. दाजींनीच त्याचं नाव उभं राहून वाचलं. पंच म्हणून वाचलं, नियम हाय, मान्य. भाऊ म्हणून काय केलं, ते कधी कुणी विचारलं का?

…म्हणून काय झालं? प्रभूनं त्या शेवटच्या जेवणाच्या राती यहूदाचेबी पाय धुतले की!… न्हाय गं बाई, कृष्णातला यहूदा कुठं म्हणतीय मी? उलटं सांगतीय… आक्का… आक्का, श्वास घे. ज्यानं प्रभूला धरून दिलं, त्यालाबी त्या पंगतीत घास मिळाला, असं म्हणतीय मी. मग हलगीवाल्याला का न्हाय?

…मग आता? उतरवणार?… अगं पण रविवारी देवळाचं समर्पण हाय. नवी भिंत मोकळीच ठेवणार?

…व्हय. ते मात्र चुकलं माझं. न विचारता एका चित्रात घातलं दोघांना. मांडी मोडून तास तास बसले गं दाजी माझ्यासाठी, लेकीसारखं वागवतात मला, आणि मी त्यांना सगळ्या मंडळीत असं उघडं पाडलं… रागानं बोलले तर बोलू देत. चित्र परत न्या म्हणाले तर नेते. कोकरू घेतलेला काढा म्हणाले तर तसा काढते, सोनेरी केसांसकट. पण कृष्णातला पुसायला सांगू नका मला. एकदा तबकाम्होरनं उठवलंय त्याला. दुसऱ्यांदा माझ्या हातानं न्हाय उठवायची मी.

कोण आलं?… आत्ता?… नको, नको देऊ फोन त्यांच्याकडं… आक्का…

सलाम, दाजी.

…व्हय… व्हय… बोला की, तुमचा हक्कच हाय…

न्हाय म्हटलं तर खोटं होईल, दाजी. मुद्दामच केलं.

…तुम्ही एकटेच बसला होता? चित्राम्होरं? सगळे गेल्यावर?… दिवा लावून?…

…व्हय, टाचेला तशाच भेगा हायत त्याच्या. मी माझ्या मनानं न्हाय घातल्या… अनवाणी हिंडतोय उसात, दुसरं काय…

बरं… तोंड बदलू. बदलते. पण दाजी, मी आक्काला आत्ताच सांगत होते, कृष्णातला तेवढं…

त्याला न्हाय? मग कुणाला पुसू?…

तुम्हाला?

…जरा मोठ्यानं बोला, कळंना झालंय… 'भावाला मेजावरनं उठवलं, त्याचं तोंड प्रभूला नको'… असं का म्हणताय वो दाजी…

…मग प्रभूला कुणाचं तोंड देऊ?… कुणाचंच न्हाय?… पाठमोरा… वाकलेला…

थांबा जरा.

…न्हाय, राग कसला? मला दिसतंय ते, म्हणून म्हटलं थांबा. पाठ आपल्याकडं, मान खाली, हातात पाय… काय खुळी मी! इतकी वर्षं त्याचं तोंड कसं असंल, तेच हुडकत बसले. पाय धुणारा माणूस तोंड वर कशाला करंल?

…आणि तुम्ही? तुम्हाला चित्रातनं काढूनच टाकू?… कुठं?… कृष्णातच्या शेजारी. पंगतीत… व्हय… पाय उघडे… व्हय, धुवायचे राहिलेले. कळलं, दाजी.

…वहिनी, ठाऊक हाय, कागलचा फोन यायचाय तुमचा. झालंच, दोन मिनिटं!

दाजी, उद्या पहिल्या गाडीनं कोडोलीला उतरते, तिथनं वडापच्या जीपनं येते. समर्पणाला ओलं असंल, पोरांना हात लावू देऊ नका म्हणजे झालं… पाळकसाहेबांना तुम्ही सांगणार? बरं… पण एक अडचण हाय. मागच्या खेपेला एकेकाला बसवून काढलं, तिथंच घोटाळा झाला. खांद्याला खांदा लागल्यावर माणूस कसा बसतोय, ते मनानं काढता येत न्हाय. तुम्ही दोघं एकत्र बसायला पायजे. माझ्याम्होरं.

…न्हाय, मी न्हाय सांगायची त्याला. आक्कानंबी न्हाय. तुम्हीच बोलवायचं.

दाजी?… हॅलो?… दाजी, ऐकताय न्हवं?…

आक्का? तू कशी?… कुठं गेले?… न बोलताच?… अगं, दारात जाऊन बघ की कुठल्या अंगाला वळले… बघितलंस?… ओढ्याकडं? ओढ्याकडं कृष्णातशिवाय कुणाचं घर हाय गं?…

…व्हय. मलाबी तसंच वाटतंय.

न्हाय, हाक मारू नको. जाऊ दे त्यांना… उद्या? उद्या काय न्हाय करायचं, चहा ठेव. आणि दोघांना दोन पाट मांडू नको. एकच घोंगडं टाक, बारकं बघून. चिकटून बसायला पायजेत… ठेवते.