केराच्या डब्यात दिसलं तर?

सुपरमार्केटच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीने बिस्किटांचा खोका कानाशी हलवून पाहिला.

"आई, अगं हा नुसता खुळखुळतोय! खोक्यात ट्रे, ट्रेमध्ये एकेक बिस्कीट वेगळं गुंडाळलेलं. केवढा तो कचरा! तीच बिस्किटं त्या स्वस्तातल्या पिवळ्या पाकिटात मिळतात."

"दादाच्या सासरचे येतायत. त्यांच्यापुढे पिवळं पाकीट ठेवू?"

"बशीत काढून ठेव ना!"

"आणि विहीणबाईंना केराच्या डब्यात दिसलं तर?"

"त्या काय आपला केर उपसायला येतायत?"

"मी नव्हता का बघितला त्यांचा?"

"आई! काय होतं त्यात?"

"पिवळं पाकीट. वर्तमानपत्रात गुंडाळून पार तळाशी दडपलेलं."

"मग झालं तर! आपणही तेच घेऊ."

"मुळीच नाही. आता तर खोकाच घ्यायचा, आणि डब्याचं झाकण उघडं ठेवायचं."