मामांचा स्वतंत्र स्रोत

...नाही, मी काय म्हणतो, स्रोत आणू कुठून? तुम्हीच सांगा. कंपनीत मी क्वालिटीत आहे, वाळूजला, दिवसभर दुसऱ्यानं बनवलेल्या पार्टातल्या चुका काढायच्या, सुटी झाली की बजाजनगरात घरी यायचं, चहा प्यायचा, आणि मग काय करायचं, तर इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, कुणीपण लिहू शकतो असा, त्यातल्या चुका काढत बसायचं. कुणी ‘पाणि’ लिहिलं की मी ‘पाणी’ करायचो. कुणाला त्रास नाही, कुणाला पत्ता नाही. अकरा वर्षं असं निवांत चाललं होतं, आणि आमच्या बायकोनं एका बारशात, भर मांडवात, सगळ्या पाहुण्यारावळ्यांपुढं सांगितलं की आमचे हे नेटवर लिहितात. झालं. तिथून माझ्या मागं लागलं ते. स्रोत, स्रोत, स्रोत.

आमचे सासरे, खंडेराव, त्यांना मी मामा म्हणतो, ते करमाडच्या पुढं आतल्या अंगाच्या एका गावात राहतात आणि एके काळी पंचायत समितीचे सदस्य होते. एके काळी म्हणजे एकदाच. पण तुम्हाला सांगतो, आमदार माजी होतो, मंत्री माजी होतो, पंचायत समितीचा सदस्य मरेपर्यंत माजी होत नाही. गावात आजही ‘मेंबर आले का’ असंच विचारतात. तर मांडवातच मामांनी मला बाजूला घेतलं, मोबाईल काढला, त्यावर त्याच ज्ञानकोशातलं एका आमदाराचं पान उघडलं, आणि म्हणाले, “पाहुणं, याला हाय, मग मला का नाय? आमदार व्हायच्या आधी ह्यो माझ्या गाडीवर मागं बसून फिरायचा.”

आता काय सांगणार? मी सांगितलं की मामा, आमदार झाला की माणूस आपोआप ‘उल्लेखनीय’ धरतात, नियमच आहे तसा, पंचायत समितीला तसं नाही. मामा म्हणाले, म्हंजी आम्ही उल्लेखच करायच्या लायकीचे नाय व्हय? मी म्हणालो, तसं नाही मामा, तो शब्द आहे नुसता. रत्नमाला, म्हणजे आमची बायको, तिनं लांबून एकदा माझ्याकडं बघितलं. तुमचं लग्न झालं असेल तर पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही.

लिहिलं पान. मामा फोनवरून सांगत होते, मी लिहीत होतो. मामांनी लोकनेते सांगितलं, मी खोडलं. झुंजार सांगितलं, खोडलं. कार्यसम्राट तर त्यांनी दोनदा सांगितलं, दोन्ही खोडले. शेवटी काय उरलं? ‘खंडेराव हे मराठवाड्यातील एक राजकारणी आहेत.’ मामा म्हणाले, एवढंच? ह्याच्यापेक्षा तर माझ्या वाढदिवसाच्या बॅनरवर जास्त मजकूर असतो. आणि पाठवला की हो बॅनरचा फोटो! हा लावा म्हणाले, पुरावा म्हणून. त्याच्यावर खाली शुभेच्छुक म्हणून नऊ जण, नऊच्या नऊ सख्खे पुतणे.

दुसऱ्या दिवशी पानाच्या डोक्यावर लाल पट्टी. तिथं एकजण आहेत, नाव घेतलंय ‘गुलमोहर४७’, बाई का माणूस माहीत नाही, कुठले ते माहीत नाही, पण नजर अशी की आमच्या कंपनीनं क्वालिटीत डोळे झाकून घ्यावं. त्यांनी लिहिलं होतं, ‘या लेखास विश्वासार्ह, स्वतंत्र, दुय्यम स्रोत नाहीत. सात दिवसांत स्रोत न दिल्यास पान वगळण्यात येईल.’ मी ते फोनवर मामांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. हीच माझी चूक, बरं का. समजावून सांगायला पाहिजे होतं, मी वाचून दाखवलं. मामा म्हणाले, “स्रोत नाय म्हनतो? मला? उद्या येतो मी.”

आले. करमाडहून जीप, शहरात सिटी बस, मग छावणीतून दुसरी बस, असं करत सकाळी दहाला बजाजनगरात दारात उभे, पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि काखेत प्लास्टिकची फाईल. पाणीसुद्धा प्याले नाहीत. फाईल उघडली, वर गोल शिक्क्याचा एक दाखला, भूजलवाल्यांनी दिलेला. त्यात काय लिहिलेलं? ‘सदर विहीर ही गावाच्या पिण्याच्या पाण्याचा बारमाही स्रोत असून...’ मामा म्हणाले, “वाचा. शिक्का हाय, सही हाय. बारमाही हाय, मंग इश्वासू झाला का नाय? सोतंत्र म्हनतो तो, सातबारा बघा, माझ्या एकट्याच्या नावावर, भावकीचा टिपूस नाय त्यात. आन् दुय्यम पायजे आसंल तर बोअर हाय मागच्या अंगाला.”

हसू नका. मी हसलो नव्हतो. मला तोंडातला चहा गिळता येईना, ही गोष्ट वेगळी. पण ज्या भागात चार-चार उन्हाळे टँकर येतो, तिथं स्रोत म्हणजे दुसरं काय असणार? पुस्तक असणार? मी सांगायला गेलो की मामा, इथं स्रोत म्हणजे पेपरातली बातमी, पुस्तक, असं काहीतरी. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ह्यो गुलमोहर कोणत्या गटाचा? मी म्हणालो, गट नसतो तिथं. मामा म्हणाले, गट नसतो अशी जागा नसते पाहुणं, तुमाला सापडला नसंल.

आणि त्या पानावर ‘चर्चा सुरू आहे’ असं लिहिलेलं, ते मामांनी वाचलं. चर्चा म्हणजे मतदान, ही त्यांची पंचायत समितीतली सवय. दोन दिवसांत गावातल्या बारा जणांनी नवीन खाती उघडून चर्चेत एकाखाली एक लिहिलं, ‘खंडेराव साहेब आगे बढो.’ बाराही एकाच मोबाईलवरून, कारण गावात रेंज येते ती एकाच ठिकाणी, मामांच्या विहिरीच्या कठड्यावर, आणि तिथं त्या दिवशी चार्जिंग एकाच्याच मोबाईलला होतं. गुलमोहर४७ नं विचारलं, हे बाराही जण एकच व्यक्ती आहेत का? मामांना ते लई लागलं. बारा घरं आहेत, म्हणाले, वेगवेगळ्या चुली आहेत, एक कसे? खाली गुलमोहर४७ नं परत तेच लिहिलं होतं, स्रोत द्यावेत.

सातव्या दिवशी पान गेलं. आठवडाभर माझ्या डब्यात दोडकं. तक्रार नाही करत, सांगतोय नुसतं.

मग रविवारी रत्नमाला म्हणाली, चला, दादांना, म्हणजे तिच्या वडलांना, भेटून येऊ, तुम्ही तोंडानं सांगा त्यांना. गेलो. मामा घरी नव्हते, विहिरीवर होते. विहिरीच्या आजूबाजूला, तुम्हाला सांगतो, लाल-पांढरे रंगवलेले दगड रोवलेले, एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि मामांची विहीर बरोबर मधे. कारखाने वाढायला लागलेत ना तिकडं, त्यांचा नवीन रस्ता, मापं घेऊन गेले होते. मामा कठड्यावर बसलेले. मी म्हणालो, मामा, हे मला सांगितलं नाहीत. मामा म्हणाले, “तुमाला वाटलं म्हाताऱ्याला नावाची हौस आली. हाय हौस, नाय म्हनत नाय. पर मेंबर हजार झाले. ही जानार, मग तेरा सालचं कोन सांगनार?”

तेरा साल म्हणजे तो दुष्काळ. मला वरवर माहीत होतं, रत्नमालेनं त्या दिवशी नीट सांगितलं. मार्चमध्ये गावच्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या, ही एक राहिली. मामा नुकतेच मेंबर झालेले. त्यांनी मोटार काढून ठेवली, स्वतःच्या रानाला पाणी बंद केलं, मेंढरं भावाबरोबर गोदाकाठाला धाडली, त्यातली निम्मी परत आली नाहीत, आणि विहिरीवर पाळी लावली, घरटी चार हंडे. मेंबरच्या घराला चार, एकट्या राहणाऱ्या पारूबाई म्हातारीला चार, भावकीला चारच. भावकीनं पाचवा मागितला. मामांनी दिला नाही. पुढच्या निवडणुकीला भावकीनं मामांना पाडलं. म्हणून एकदाच मेंबर.

मी म्हणालो, एवढं सगळं झालं आणि एका पेपरात दोन ओळी नाहीत? तर रत्नमाला म्हणाली, कशा येतील, पेपरवाले जिथं हंड्यांची भांडणं होती तिथं गेले, फोटो तिथं मिळत होता. आपल्या गावात भांडण नव्हतं. पाळी होती. पाळीचा फोटो कोण काढतो?

मला खरं सांगू का, लाज वाटली. अकरा वर्षं मी वेलांट्या दुरुस्त करत बसलो होतो. आणि तिथं कठड्यावर बसल्या-बसल्याच, रेंज तिथंच होती म्हणून, माझ्या डोक्यात आलं की मेंबर उल्लेखनीय नसतो, विहीर उल्लेखनीय नसते, पण गाव असतं! सरकारी यादीतलं प्रत्येक गाव त्या ज्ञानकोशात आपोआप बसतं, तोच नियम. गावाचं पान होतंच, दोन ओळींचं, लोकसंख्या आणि पिनकोड. मी तिसरी ओळ घातली. ‘गावात एक बारमाही विहीर आहे. २०१३च्या दुष्काळात गावाला या विहिरीतून पाणी पुरवले गेले.’ आणि खाली स्रोत काय लावला? तोच दाखला, गोल शिक्क्याचा, त्यात खाली तेरा सालच्या टंचाईतला पाणीपुरवठाही नोंदवलेला होता. गुलमोहर४७ नं तासाभरात लिहिलं, ‘उत्तम स्रोत. धन्यवाद.’

मामांनी ते मोबाईल लांब धरून वाचलं. ‘पुरवले गेले’ वर बोट ठेवलं आणि विचारलं, कुनी? मी म्हणालो, मामा, इथं असंच लिहावं लागतं, कुणी ते नाही घालता येत. मामांनी अजून एकदा वाचलं. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले, “हिचं तर आलं.”

पुढच्या पावसाळ्याआधी विहीर बुजवली. एका दिवसात. सकाळी मुरमाचे हायवा ट्रक आले, संध्याकाळी रोलर फिरला. आठ दिवसांनी मामांचा फोन. मला वाटलं, रडतील-बिडतील. कसलं काय. म्हणाले, “पाहुणं, त्या पानावर ‘आहे’ लिवलंय. ‘होती’ करा. आपल्या नावावर खोटं नको.” आता त्या ओळीत मामांचं नाव आहे कुठं? पण मी काय ते बोललो नाही. निमूट ‘आहे’चं ‘होती’ केलं.

तासाभरात परत ‘आहे’. गुलमोहर४७. ‘बदल उलटवला. दिलेल्या दाखल्यानुसार विहीर बारमाही आहे. ती अस्तित्वात नसल्याचा स्रोत द्यावा.’ घ्या! स्रोत काय देणार? पेपर धुंडाळले मी सगळे. रस्त्याच्या उद्घाटनाची बातमी आहे, रंगीत फोटो आहे, फीत कापणाऱ्या सतरा जणांची नावं आहेत ओळीनं. खाली काय बुजलं ते कोण छापतं? म्हणजे तिच्यावरून आज कंटेनर जातात, आणि ज्ञानकोशात तिला पाणी आहे.

मामांना फोन करून सांगितलं सगळं. म्हणालो, मामा, माफ करा, स्रोत नाही म्हणून ते ‘होती’ करू देत नाहीत, मी अजून भांडू का?

“नगं,” म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पाहुणं. औंदा पाऊस कमीच सांगितलाय.”