धाकटीच्या बाटलीत मीठ

— नाही नाही, उठू नका, यांची एकच फेरी राहिलीय. पलीकडच्या काठावर माणसं चढतायत, दिसतंय ना खिडकीतून? लाँच धक्क्यावर धाडकन आपटली की समजायचं, आले. पूर्वी नव्हती हो आपटत, अशी टेकवायचे की कपातला चहा हलायचा नाही! ऑइल तपासणारे तुम्हीच ना? बरं झालं स्वतः आलात. फोन केला होतात? यांनी घेतला? आणि म्हणाले, सगळं झक्कास? म्हणणारच!

काय आहे, ती लाँच म्हणजे यांची धाकटी बायको. थोरली मी. थोरलीला ताप आला तर ‘गोळी घे आणि पड’, आणि धाकटीचं ऑइल दर महिन्याला तुमच्या लॅबला! पूर्वी कॅलेंडरवर खूण आली की बदलून टाकायचे, चांगलं असो नाहीतर वाईट. आता तुम्ही सांगणार, अजून चालेल की बदलायचं — मग काय थाट विचारता! इंजिन गरम असताना काढायचं, बाटली कोरडी ठणठणीत, माझी सावली पडू द्यायची नाही. आणि एवढं करून टपालवाला येईपर्यंत ती बाटली ठेवायची कुठे? तर माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीला खेटून! आता तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक?

हो, मीच घातलं. एक चमचा. बरं, दीड — पण पिठासारखं बारीक कुटून! हे जेवताना रिपोर्ट वाचून दाखवतात ना, त्यातच एकदा म्हणाले, सोडियम वाढलं म्हणजे इंजिनाचं पाणी ऑइलात शिरलं, लाँच जागेवर उभी करायची. बहिणीच्या मुलीला विचारलं, सोडियम कशात असतं गं? म्हणाली, मिठात. झालं माझं काम!

अहो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे यांच्या. डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली, तिन्ही वेळा यांचं एकच — ‘लाँच कोण चालवणार?’ म्हटलं, धाकटीलाच आजारी पाडू, मग बघू काय सांगतात! परवा मी पिशवी घेऊन दारात उभी, तर मला म्हणतात, ‘कोण हवंय आपल्याला?’ — आपल्याला! पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा एवढा मान मिळाला मला. तोंडावर हसले मी. मग मोरीत जाऊन रडले. भीती वाटते हो मला. तीस-तीस माणसं असतात लाँचवर, शाळेची मुलं असतात.

आणि एवढं करून झालं काय? तुमचा रिपोर्ट आला, मी आधी चोरून वाचला, लाल अक्षरात, लाँच ताबडतोब उभी करा. यांनी खिडकीशी धरला, जवळ नेला, लांब नेला, आणि खणखणीत वाचलं — ‘सगळं उत्तम, आणखी अडीचशे तास चालवा!’ जुनाच रिपोर्ट, तोंडपाठ! मी आपली भाजी वाढली. बोलले असते तर यांनी विचारलं नसतं का, तुला गं कसं ठाऊक?

काय म्हणता, मीठ ओळखलंत तुम्ही? पाण्याचा थेंब नव्हता म्हणून? हुशार आहात. मग एवढ्या लांब आलात कशाला — तांबं? मी तांबं नाही हो घातलं! देवाशप्पथ, नुसतं मीठ! ...गेल्या महिन्याच्या बाटलीतही होतं? पण तिला तर मी हातसुद्धा लावला नव्हता. म्हणजे आत बेअरिंग खरंच झिजतंय? आणि भर नदीत... म्हणजे गेल्या महिन्यातही हे आठवणीतूनच वाचत होते. आणि मी बसून वाढत होते.

ऐकलंत? आपटली. आले. हे बघा, मीठ तुमच्या-माझ्यात राहू दे. तांबं तेवढं सांगा, आणि तोंडाने सांगा, कागद हातात देऊ नका. आज लाँच उभी राहिली पाहिजे, आणि उद्या मी यांना डॉक्टरकडे — श्श!

या, या. अहो, लॅबमधले साहेब आलेत, धाकटीचं काहीतरी सांगायचंय म्हणतात. अहो... इकडे. साहेब इकडे बसलेत, खुर्चीत. तुम्ही ज्याला ‘बसा, बसा’ म्हणताय ना, तो माझा रेनकोट आहे.