तोटी उघडी ठेवून टाकी भरणे

…आणि मला सांगा, खालची तोटी उघडी ठेवून टाकी भरतं का कुणी? भरतं? सातवीच्या पुस्तकात भरतात! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी नारायणगुड्याच्या गल्लीबोळांत पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले, हा नागोराव दिसला की बायका घागरी घेऊन पळायच्या, पण असली टाकी उभ्या जन्मात पाहिली नाही! वरचा नळ चार तासांत भरतो, खालची तोटी सहा तासांत रिकामी करते, दोन्ही चालू, तर टाकी भरणार कधी? अरे, आधी तोटी बंद करा की! पण आमची नात दीक्षा, पेन्सिल चावत… "उत्तर नक्को, स्टेप होना, आबा!"

स्टेप हवी? घे स्टेप! स्टेप एक, तोटी बंद करणे. स्टेप दोन, शेजाऱ्यानं लायनीला मोटार लावली का, ते जाऊन पाहणे. स्टेप तीन, चार तास थांबणे. आता यात काय चुकलं? आणि पोरगी इतकी गुणी, इतकी गुणी, की टेस्टमध्ये जसंच्या तसं लिहून आली… शून्य!

शाळेत बोलावणं आलं. भाग्यलक्ष्मी मॅडम तेलुगू, 'अहो'ला 'अंडी' म्हणतात. म्हणाल्या, "आन्सर बारा घंटे, अंडी! और ये मोटार सवाल में कहाँ है?" मी म्हटलं, "मॅडम, मोटार सवालात नसते, गल्लीत असते." त्या हसल्या हो, पण सूनबाई नाही हसली. आमच्या शैलानं घरी येऊन पर्स आपटली, "मामंजी, पुरे झालं. पुढच्या टेस्टला वीसपैकी पंधरा आले नाहीत तर तिकडे कोठी भागात ट्युशन लावते."

झालं! तुम्हाला सांगतो, संध्याकाळचा तो एक तास, ती पोरगी, तिचं ते चावलेलं पेन्सिलचं टोक, एवढंच तर आहे माझ्याकडे. ते कोठीला गेलं तर मी काय करू, टीव्हीतल्या सासवा पाहू?

दीक्षालाही कळलं असणार. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली, म्हणाली, "आबा, बसा. मॅडमनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगते." बसलो. एका तासात टाकीचा चौथा हिस्सा भरला. बरं. सहावा हिस्सा गेला. जाणारच, तोटी उघडी ठेवल्यावर! "आबा!!" बरं बाई, गेला. मग उरला किती? चौथ्यातून सहावा वजा… मी बोटं मोडली, कपाळ खाजवलं, चहा मागवला, आणि एकदम, काय सांगू, बारावा! तासाला बारावा हिस्सा, म्हणजे बारा तास! मी खुर्चीतून उठून ओरडलो, "बारा!" आणि ती कार्टी शांतपणे… "स्टेप होना, आबा!"

महिनाभर हेच. माणसं बांधतात भिंत, गाड्या सुटतात समोरासमोर, मी लिहितोय स्टेपा! कुणाची भिंत, कशाला बांधता, एक अक्षर विचारलं नाही. आणि टेस्टला पोरीला किती पडावेत? अठरा! शैलानं पावाचा गोडगोड डबल का मीठा केला, मला वाटीभर जास्त वाढला. ट्युशन रद्द!

मी खूश, अगदी खूश. पण रात्रीच दीक्षा कानाशी आली, "आबा, पुढचा धडा शेकडेवारीचा. येतो तुम्हाला?" आता खोटं कशाला बोलू? नाही येत!

तेव्हा तोडगा असा निघालाय, की पाच ते साडेपाच ती मला शिकवते. साडेपाचला शैला ऑफिसातून येते, मग साडेपाच ते सहा तेच मी दीक्षाला शिकवतो. आणि शैला अख्ख्या बिल्डिंगला अभिमानानं सांगते, "आम्हाला ट्युशन लागलीच नाही हो, मामंजीच गणित घेतात!" मी आपली मान हलवतो. दुसरं करणार काय?

बरं, निघतो आता. पाच वाजत आलेत, माझा गृहपाठ राहिलाय. काल दोन गणितं चुकली तर पोरीनं अंगठे धरायला लावले हो… सदुसष्टाव्या वर्षी!